पडीक शाळेत गरिबांसाठी केंद्र काढायचंय? रंगाचा डबा आणण्याआधी हे वाचा

दसरा-दिवाळीच्या आसपास बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ट्रॅक्टर लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, कुठल्याही तालुक्यात जा, चित्र एकच. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पाण्याची टाकी, सरपण, शेळी, कोंबड्या आणि वर बसलेली माणसं. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हा कोयता मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडतो. मागं गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत नाव असलेली लेकरं.

आमच्या गावात अशाच एका घरात तिसरीतली पोरगी संध्याकाळी चुलीवर भात टाकायला गेली आणि हात भाजून घेतला. आजी घरातच होती, पण आजीला मोतीबिंदू. पोरीचा हात बरा झाला. व्रण राहिला. आई-बापाला फोनवर कळलं तेव्हा ते फडात होते, आणि उचल फिटल्याशिवाय निघता येत नव्हतं.

त्या आठवड्यात पारावर बसलेल्या पंधरा-वीस पोरांनी ठरवलं की गावातल्या जुन्या शाळेच्या दोन खोल्या नीट करायच्या. संध्याकाळी लेकरांनी तिथं यायचं, अभ्यास करायचा, गरम जेवायचं, मग आजी-आजोबाकडं झोपायला जायचं. दिवसा त्याच खोलीत निराधार बायका आणि म्हाताऱ्यांचे फॉर्म भरून द्यायचे. नवीन शाळा रोडला झाल्यापासून या दोन खोल्या सात-आठ वर्षं पडून होत्या. आत पत्त्याचा डाव, बाटल्या आणि शेळ्या.

मीही त्या पोरांत होतो. वयानं पोरगा नाही, पण खोरं धरता येतं म्हणून घेतलं. आता हे केंद्र सुरू आहे आणि आजूबाजूच्या गावांतून रोज कुणीतरी विचारतं की भाऊ, कसं केलं, आम्हालाही करायचंय. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढतो. आमच्या चुका जास्त लिहिल्यात, कारण शिकायला त्याच कामाला आल्या.

आधी कागद, मग खोरं

पहिल्या रविवारी आम्ही तीस जण जमलो. झाडलोट केली, गवत काढलं, दोन ट्रॉल्या कचरा फेकला. फोटो काढले, ग्रुपवर टाकले. दुसऱ्या रविवारी भिंती खरडायला घेतल्या. तिसऱ्या रविवारी भाऊसाहेबांचा (म्हणजे ग्रामसेवकांचा, आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय) फोन आला, "काम थांबवा. ती इमारत तुमची नाही आणि माझीपण नाही."

ते बरोबर बोलत होते. गावातली जुनी शाळा गावाची असते असं आपण धरून चालतो. पण जिल्हा परिषदेनं बांधलेली शाळा जिल्हा परिषदेची मालमत्ता असते. चावडी, समाजमंदिर, जुनं ग्रामपंचायत कार्यालय, दूध डेअरीची खोली, प्रत्येकाचा मालक वेगळा. म्हणून पहिलं काम म्हणजे ग्रामपंचायतीत जाऊन नमुना नंबर 8 बघणं. ती कर आकारणीची नोंदवही. तिच्यात इमारत कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. जागा गावठाणात आहे का गटात, हेही बघा. गटात असेल तर सातबारा काढा. काही गावांत आजोबांनी शाळेला जागा तोंडी दिलेली असते, सातबाऱ्यावर नाव अजून त्यांचंच असतं, आणि नातू इमारत दुरुस्त व्हायची वाटच बघत असतो. हे आमच्याकडं नाही झालं, पण शेजारच्या गावात झालंय. रंग वाळायच्या आत भांडण.

दुसरी गोष्ट निर्लेखनाची. शाळेची खोली धोकादायक ठरवून पाडण्यासाठी जो प्रस्ताव जातो त्याला निर्लेखन म्हणतात. तुमच्या इमारतीचं निर्लेखन मंजूर झालेलं असेल तर तिथं एक वीटही लावू नका. कागदावर ती पडलेली आहे. उद्या भिंत कोसळली तर कुणी वाली राहणार नाही. निर्लेखन झालेलं नसेल तर पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागाला पत्र देऊन अभियंत्याकडून तपासणी करून घ्या आणि अहवाल लेखी मागा. तोंडी "चालतंय की" याला किंमत नाही.

मग ग्रामसभा. 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 26 जानेवारी या चार ठरलेल्या ग्रामसभा सगळ्यांना माहीत आहेत. विशेष ग्रामसभाही लावता येते. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी असेल तेवढी लागतात. ठराव मोघम करू नका. आमचा पहिला ठराव होता, "जुन्या शाळेत समाजोपयोगी उपक्रम राबविण्यास मान्यता." पंचायत समितीतून परत आला. कुठल्या दोन खोल्या, कशासाठी, किती वर्षं, लाईटबिल कोण भरणार, देखभाल कोण करणार, हे सगळं दुसऱ्या ठरावात लिहिलं तेव्हा पुढं सरकला. गटशिक्षणाधिकारी, गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षण आणि बांधकाम विभाग, शेवटी मुख्य कार्यकारी अधिकारी, असा तो रस्ता. इमारत ग्रामपंचायतीचीच असेल तर रस्ता जवळचा, पण भाडेपट्ट्यानं एखाद्या मंडळाला द्यायची म्हटलं तर तिथंही मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. परस्पर पाच जणांच्या सह्या घेऊन करारनामा करू नका.

आम्हाला या सगळ्याला साडेचार महिने लागले. तेवढ्यात निम्मी पोरं गळाली. ज्यांनी पहिल्या रविवारी सगळ्यात जास्त फोटो काढले होते ती आधी.

जुन्या भिंतीला सिमेंट मारू नका

आमची शाळा जुन्या पद्धतीची. अठरा इंची दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी कैच्या आणि पत्रा, पुढं ओसरी. खालून कमरेएवढी ओल चढलेली आणि पोपडे सुटलेले. गावातल्या मिस्त्रीनं बघितलं आणि म्हणाला, "सिमेंटचं प्लास्टर मारून टाकू, दगडासारखं होईल." आम्ही एका भिंतीला मारलं. पावसाळा झाला आणि प्लास्टरचा तक्ताच्या तक्ता भिंतीपासून सुटून खाली आला. नशीब, खोलीत कुणी नव्हतं.

याचं कारण आम्हाला गावातल्या म्हाताऱ्या गवंडी आबांनी सांगितलं. दगड-मातीची भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि उन्हात बाहेर सोडते. तिला श्वास लागतो. वरून सिमेंट मारलं की पाणी आत कोंडतं. मग ते आणखी वर चढतं, आतली माती भिजून ढिली होते आणि प्लास्टरला धरायला काही उरत नाही. जुन्या लोकांनी चुना वापरला तो गरिबीमुळं नाही. चुना ओल बाहेर जाऊ देतो. आबांनी आम्हाला चुना भिजवून, विरवून, वाळूत मळून गिलावा करायला शिकवलं. वेळ फार लागतो. सिमेंटसारखं दुसऱ्या दिवशी कडक होत नाही. पण त्यानंतर पावसाळा झाला, भिंत कोरडी आहे. पक्क्या विटांची सिमेंटमधली भिंत असेल तर सिमेंटचं प्लास्टर चालतं, हे वेगळं सांगायला नको.

खरं तर ओलीचं मूळ भिंतीत नव्हतंच. पत्र्याचं पाणी थेट भिंतीच्या बुडाशी पडत होतं. पत्र्याला पन्हाळी लावली, पाणी पाईपानं लांब काढलं, भिंतीभोवती दोन हात रुंद फरशी उताराची केली. निम्मं दुखणं तिथंच गेलं. हे आधी करायला पाहिजे होतं. तुम्ही आधी करा.

पत्रा बदलायच्या आधी वर चढून हुकांची भोकं बघा. गळती बहुतेक तिथंच असते. नवीन वॉशर टाकून, डांबरी पट्टी लावून भागत असेल तर पत्रा बदलू नका. सगळ्यात जास्त पैसा पत्रा आणि लोखंडालाच जातो. कैच्यांना वाळवी आहे का ते मात्र हातोडीनं ठोकून बघा. भुसभुशीत, पोकळ आवाज आला तर लाकूड बदलायचंच. पत्र्यावरून वरच्या बाजूनं चुन्याचा पांढरा हात मारला की मार्चमध्ये आत बसवतं. खर्च नावाला.

लाईटच्या कामात कंजुषी करू नका. जिथं लेकरं येणार तिथं अर्थिंग पक्कं पाहिजे, आणि मेन स्विचजवळ करंट गळती झाली की बंद पडणारा ब्रेकर पाहिजे, 30 मिलिअँपिअरचा. वायरमनला हाच आकडा सांगा. ओल्या भिंतीच्या खोलीत हा ब्रेकर नसणं म्हणजे लेकरांच्या जिवाशी खेळ. आमच्या वायरमननं सुरुवातीला सांगितलं की एवढं काही लागत नाही. गावातल्या आयटीआय झालेल्या पोरीनं त्याला तिथंच गप्प केलं. या कामात ती पोरगी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

संडासाची जागाही आम्ही आधी चुकीची धरली होती. बोअरपासून वीस फुटांवर. दोन शोषखड्ड्यांचं संडास चांगलं, एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा आणि पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा, आतलं खत होतं. पण खड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर यांच्यात किमान 10 मीटर अंतर ठेवा. खडकाला चिरा असतील तर त्याहून जास्त, कारण चिरेतून घाण पाणी लांबपर्यंत जातं. आपल्या डोंगरात चिरा आहेतच. पोरींचं संडास वेगळं आणि आतून कडी लागणारं. पायऱ्यांच्या बाजूला उतारही करा, एक फूट चढायला बारा फूट लांबीचा. काठीवर चालणारी म्हातारी माणसं त्या उताराच्या जिवावरच येतात.

पैसा कुठून येतो

श्रमदानानं मजुरी वाचते, साहित्य वाचत नाही. हे आधीच मान्य केलं की पुढं निराशा होत नाही.

संडास आणि पाण्यासाठी गावाच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून आम्हाला मदत झाली. त्या निधीचा 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला, म्हणून तिथं विचारणं सोपं गेलं. शिवाय ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातून 10 टक्के महिला व बालकल्याणावर, 15 टक्के मागासवर्गीयांवर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. बहुतेक गावांत या पैशातून खुर्च्या आणि सतरंज्या येतात. ग्रामसभेत उठून विचारा, की यंदा या पैशातून केंद्राची दुरुस्ती धरायची का. विचारलं तर सरपंच रागावतात, पण नाही म्हणत नाहीत.

लोकवर्गणी गोळा करताना जपून. खिशात पावतीपुस्तक घेऊन बाहेरगावी फिरणं सोपं वाटतं, पण नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी पैसा गोळा करायचा तर धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. संस्था नोंदवायची असेल तर किमान सात माणसं लागतात. सातातली तीन तरी बायका घ्या. आम्ही सुरुवातीला नोंदणी केली नाही. गावातल्या दुकानदारांकडून वस्तूच घेतल्या. एकानं दारं दिली, एकानं पत्र्याचे हुक, एका ट्रॅक्टरवाल्यानं वाळू. प्रत्येक वस्तूची नोंद वहीत आणि वही ओसरीत टांगलेली. ज्याला संशय येईल त्यानं वाचावी. दोघांना आला, त्यांनी वाचली, आणि त्यातल्या एकानं नंतर फॅन दिला.

लेकरं रात्री ठेवता येतील का?

ही आमची सगळ्यात मोठी चूक होणार होती. सुरुवातीला बेत असा होता की लेकरांनी रात्री तिथंच झोपायचं. गाद्याही सांगून ठेवल्या होत्या. तालुक्याच्या बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्या एका मॅडमनी आम्हाला बसवून समजावलं. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली लेकरं जिथं ठेवली जातात त्या संस्थेची नोंदणी असावी लागते. नोंदणी नसेल तर चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापेक्षा कमी नाही इतका दंड, किंवा दोन्ही. हेतू चांगला होता म्हणून सुटका होत नाही.

ऐकून पोरं चिडली. "चांगलं काम करायला निघालं की कायदा आडवा येतो," असं एक जण बोललाही. मला स्वतःला मात्र ते पटलं. रात्री वीस-पंचवीस लेकरं, त्यात पोरी, आणि सांभाळायला गावातले दोन जण. काही वाईट झालं तर त्या लेकराच्या आई-बापाला, जे तिकडं तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात आहेत, कुणी काय तोंड दाखवायचं? कायदा त्यासाठीच आहे. आम्ही संध्याकाळी 5 ते 8 एवढीच वेळ ठेवली. ओसरीत 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिला. लेकरू घरी पोचवायला दोन माणसं, त्यात एक बाई, असा नियम केला.

मुक्कामाची सोय पाहिजेच असेल तर सरकारी रस्ता आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह असतं, ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत 75 टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका. म्हणजे मागणी करायची ताकद आपल्याच हातात आहे. फक्त पालक ऊसतोडीला निघून गेल्यावर मागणी करून उपयोग नाही. कुठलं लेकरू मागं राहणार याची यादी सप्टेंबरमध्येच झाली पाहिजे. दुरुस्त केलेली खोली असेल तर "जागा नाही" हे उत्तर मिळत नाही. जी लेकरं आई-बापासोबत जाणारच, त्यांना शाळेतून शिक्षण हमी कार्ड द्यायला लावा, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. मोठ्या वर्गातल्या लेकरांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी 82 वसतिगृहं या योजनेत धरलेली आहेत. तुमच्या तालुक्यातलं सुरू आहे का आणि जागा आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारा. आणि ज्या लेकराला मागं कुणीच नाही, त्याच्यासाठी आपल्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात आर्वीचं शांतिवन आहे, तिथं ऊसतोड कामगारांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची लेकरं शिकतात. त्यांचं काम बघून या. आम्ही जाऊन आलो तेव्हा कळलं की आपण किती थोडं करतोय.

रोजचा हिशेब

खोल्या तयार झाल्या. नारळ फुटला. पुढारी आले, भाषणं झाली, हार उरले. आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाच वाजता कुलूप उघडायला कुणी नव्हतं. चावी ज्याच्याकडं तो लग्नाला गेला होता. बारा लेकरं पायऱ्यांवर बसून अंधार पडल्यावर घरी गेली.

केंद्र बांधणं हे तीस रविवारांचं काम आहे. केंद्र चालवणं हे रोजचं काम आहे, आणि रोजच्या कामाला उत्साह पुरत नाही. गाडगेबाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईला टाटा हॉस्पिटलात पेशंट नेलेल्या आपल्या भागातल्या कितीतरी लोकांना दादरची धर्मशाळा माहीत आहे. बाबा गेले 1956 साली, धर्मशाळा अजून चालतात, कारण त्यांनी कारभार बघायला विश्वस्त मंडळं केली होती. आमच्याकडं नुसताच ग्रुप होता, आणि त्याचे ॲडमिन सात.

आता चावी शेजारच्या घरातल्या मावशीकडं असते. त्या ऊसतोडीला जायच्या, पाठीचं दुखणं लागल्यावर गावातच राहिल्या. त्यांनीच स्वयंपाक करायचं कबूल केलं. पोरांपैकी कुणी यावं न यावं, मावशी पाच वाजता दार उघडतात.

जेवणाचा हिशेब सांगतो, म्हणजे अंदाज येईल. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या लेकराला दुपारी 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ धरतात, सहावी ते आठवीला 150 आणि 30. आम्ही तेच माप संध्याकाळी धरलं. 30 लहान लेकरं असतील तर रोज 3 किलो तांदूळ आणि 600 ग्रॅम डाळ. महिन्याचे 26 दिवस धरले तर 78 किलो तांदूळ, साडेपंधरा किलोच्या आसपास डाळ. सहा महिन्यांचा हंगाम म्हणजे पावणेपाच क्विंटल तांदूळ. ऐकायला जास्त वाटतं, पण गावात शंभर खाती असतील तर एका खात्यामागं पाच किलोसुद्धा येत नाही. खळ्यावरच मागितलं तर धान्य मिळतं. जानेवारीत मागितलं तर मिळत नाही. तेल, मीठ, गॅस आणि मावशींचं मानधन याला मात्र रोख लागते, आणि रोख गोळा करणं हेच अवघड. पहिल्या हंगामात फेब्रुवारीत गॅस संपला आणि चार दिवस चुरमुरे दिले. लेकरं तरी आली.

दिवसा काय चालतं

दिवसा दुसऱ्या खोलीत टेबल, एक जुना लॅपटॉप आणि ती आयटीआयवाली पोरगी. गरीब घरातली माणसं योजनेला मुकतात ती बहुतेक एका कागदामुळं. आधार बँकेला जोडलेलं नसतं, नाहीतर हयातीचा दाखला राहिलेला असतो. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला 1,500 रुपये मिळतात, पण कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची अट 21,000 रुपयांची, आणि तो उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणायला म्हातारीला दोन खेपा. भाडं आणि दिवस दोन्ही जातात. इथं पाच-सहा जणींचे कागद एकत्र करून एक माणूस तालुक्याला जातो.

ऊसतोडीला जायच्या आधी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या टेबलावर गर्दी असते. रेशनकार्ड देशात कुठंही चालतं हे ऐकलेलं सगळ्यांनी असतं, वापरत कमी जण. तिकडं फडाजवळच्या रेशन दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं काही धान्य उचलता येतं आणि उरलेलं इकडं गावात आजीला उचलता येतं, हे समजावून सांगावं लागतं. अंत्योदय कार्डाला कुटुंबामागं 35 किलो, प्राधान्य कार्डाला माणसामागं 5 किलो. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ आहे, त्याचं ओळखपत्र ग्रामपंचायतीकडून मिळतं. तेही निघायच्या आधीच काढून घ्यायचं. ट्रॅक्टर दारात लागल्यावर कागद सापडत नाहीत.

एक अडचण आम्हाला अजून सुटलेली नाही. ज्या घरांना सगळ्यात जास्त गरज, ती घरं सुरुवातीला आलीच नाहीत. गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीतल्या दोन बायांना मी विचारलं तर एक म्हणाली, "दादा, तिथं वरच्या आळीची माणसं बसत्यात. आमी कशाला जावं?" हे ऐकून राग यायचं कारण नाही, खरं होतं ते. आम्ही जेवायच्या पंगतीत लेकरांच्या जागा रोज बदलायला लागलो, आणि त्या वस्तीतल्याच एका बाईला मावशींच्या जोडीला घेतलं. त्यावर वरच्या आळीतल्या तीन घरांनी आपली लेकरं बंद केली. दोन परत आली. एक घर अजून येत नाही. त्यांना बोलवायला आम्ही गेलो नाही आणि जाणारही नाही.

ज्या पोरीचा हात भाजला ती आता पाचवीत आहे. संध्याकाळी सगळ्यात आधी येते आणि लहान लेकरांना चुलीपासून लांब बसवते, खरं तर इथं चूल नाही, गॅस आहे. आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं, त्याचे कागद याच टेबलावर केले.

येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोन विषय ठेवलेत. दोन्ही बायांचं मानधन महिला व बालकल्याणाच्या 10 टक्क्यांतून देता येतं का, आणि लाईटबिल ग्रामपंचायतीनं भरायचं का. मागच्या वेळी गणपूर्तीला अकरा माणसं कमी पडली आणि सभा तहकूब झाली. यावेळी सभा टोळ्या निघायच्या आधी आहे, त्यामुळं ज्यांच्या लेकरांचा प्रश्न आहे ती माणसं गावात असतील. मावशींनी घरोघर जाऊन सांगायला सुरुवात केली आहे.